७ किलोच्या बॅगेतला प्लेस्टेशन

जहाजावर जॉइन व्हायला निघताना हँडबॅगेला ७ किलोची मर्यादा असते. त्यातला दीड किलो माझी कागदपत्रांची फाइलच खाते: पासपोर्ट, सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेलं खलाशाचं पुस्तक), सगळी सर्टिफिकेटं, मेडिकल. ती फाइल चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हे पहिल्या कॉन्ट्रॅक्टलाच वरिष्ठांनी बजावलेलं असतं. उरतात साडेपाच किलो. २०२२ साली त्या साडेपाच किलोत मी जुना, जाडा पीएस ५ (सोनीचं गेम खेळायचं मशीन, प्लेस्टेशन ५) नेला. मशीन साडेचार किलोचं, दोन कंट्रोलर मिळून अर्ध्या किलोच्या वर, बाकी केबली. बॅगेत एक टी-शर्टसुद्धा मावला नाही. आणि नेमकी त्याच खेपेला चेक-इनची बॅग मागे राहिली. अंगावरच्या कपड्यांनिशी जहाज चढलो. बॉयलर सूट (कामाचा अंगभर पोशाख) जहाजावर मिळाला, रोजचे कपडे मात्र तीन साबकडून (थर्ड इंजिनिअरकडून) मागून घ्यावे लागले. पुढच्या बंदरात बॅग हातात पडेपर्यंत अकरा दिवस गेले.

घरी आल्यावर ठरवलं, हे धूड परत जहाजावर न्यायचं नाही. पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्याच्याशिवाय काढलं आणि ते मला फार जड गेलं. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये त्याचं बारीक केलेलं रूप, पीएस ५ स्लिम, भारतात विकायला आला, तेव्हा मी रजेवर घरीच होतो आणि मे महिन्यात तो घेतला. आता दोन कॉन्ट्रॅक्टं तो माझ्याबरोबर फिरून आलाय. जाडा रत्नागिरीत आमच्या टीव्हीखाली आहे, त्यावर भाचा खेळतो. म्हणजे दोन्ही मशीन रोजच्या वापरातली आहेत आणि दोन्ही मी स्वतः साफ करतो. पुष्कळ जण विचारतात की स्लिम घ्यावा का, जुना देऊन टाकावा का. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मी बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. जहाजावर आम्हाला बत्ती साब म्हणतात. संध्याकाळी इंजिन रूममधून वर आलं, आंघोळ झाली, जेवण झालं, की झोपेपर्यंत दोन-अडीच तास आपले असतात. हल्ली बऱ्याच जहाजांवर इंटरनेट आलंय, पण ते माणशी मोजून मिळतं आणि ते घरच्यांशी बोलायला ठेवायचं असतं. पूर्वी लोक स्मोक रूममध्ये, म्हणजे करमणुकीच्या खोलीत, बसायचे, आता ज्याचा तो केबिनमध्ये मोबाइल घेऊन पडलेला असतो. मी प्लेस्टेशन स्मोक रूमच्या टीव्हीला जोडायला लागलो आणि दारं उघडायला लागली. फिलिपिनो पोरं बास्केटबॉलचा गेम मागतात, आपली माणसं क्रिकेट मागतात, फुटबॉल सगळ्यांनाच चालतो. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंड बंदराच्या बाहेर आम्ही नांगर टाकून पडलो होतो तेव्हा गुहागरचा एक मोटरमन आणि चीफ कुक यांच्यात क्रिकेट २४ ची अशी मॅच रंगली, की वॉचला (पाळीवर) जायची वेळ झालेला माणूस दारात उभा राहून शेवटची ओव्हर बघत होता. चीफ कुकच्या हातातला कंट्रोलर घामाने निसटत होता, म्हणून तो मधेमधे अ‍ॅप्रनला हात पुसत होता. हे मशीन मी एवढ्यासाठी नेतो. तेव्हा त्याच्या वजनाबद्दल मी बोलतो ते मनापासून बोलतो.

तर आधी वजन. सोनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये हे नवं रूप जाहीर केलं तेव्हा सांगितलं, की आकारमान ३० टक्क्यांहून जास्त कमी झालंय, आणि वजन डिस्कवाल्याचं (ज्यात गेमची डिस्क घालता येते) १८ टक्के, डिजिटलचं (ज्यात गेम फक्त डाउनलोड करायचे) २४ टक्के घटलंय. मला हा १८ चा आकडा पटेना, कारण माझ्या हाताला फरक त्याहून बराच जास्त लागत होता. मग लक्षात आलं. पहिल्या खेपेचा डिस्कवाला पीएस ५ साडेचार किलोचा होता. मधल्या काळात सोनीने आतला हीट सिंक (उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग) वगैरे बदलत बदलत तोच जाडा ३.९ किलोवर आणला होता. सोनीची टक्केवारी त्या ३.९ पासून मोजलेली आहे. स्लिम ३.२ किलोचा. पण माझ्यासारखं फेब्रुवारी २०२१ मध्ये, भारतातल्या पहिल्याच खेपेत ज्यांनी घेतलं, त्यांच्या हिशोबाने वजन २८-२९ टक्के उतरलंय. १ किलो ३०० ग्रॅम. घरात बसलेल्या माणसाला याचं काही वाटणार नाही. माझ्या बॅगेत त्या १ किलो ३०० ग्रॅममध्ये दोन जोड कपडे, दाढीचं सामान आणि आईने दिलेली आंबापोळी बसते.

मापंही सांगतो. जाडा ३९ सेंटिमीटर लांब, २६ रुंद, साधारण साडेदहा जाड. स्लिम ३५.८ लांब, २१.६ रुंद, ९.६ जाड. जाडी तशी फार कमी झालेली नाही, एवढं नाव स्लिम असूनही. खरा फरक रुंदीत आहे. जाडा हँडबॅगेत घातला की कडेला उरणाऱ्या फटीत काही जात नव्हतं. स्लिमच्या शेजारी दोन्ही कंट्रोलर आणि चार्जर उभे बसतात. मी तो मूळ खोक्यात नेत नाही. दोन पंच्यांमध्ये गुंडाळतो, वर एक जाड टॉवेल, आणि बॅगेच्या मधोमध. दोन वर्षांत ओरखडा नाही. ओरखड्याचं भय मात्र आहे, कारण जाड्याची पांढरी कव्हरं पूर्ण मॅट होती आणि स्लिमची निम्मी चकचकीत आहेत. दोन बाजूंची कव्हरं आता चार तुकड्यांत आहेत: वरचे चकचकीत, खालचे मॅट. चकचकीत भागावर बोटांचे ठसे दिसतात आणि पुसायला साधं फडकं वापरलं तर बारीक रेघा उठतात. चष्म्याचं कापड ठेवा. दिसायला मला जुनाच जास्त आवडतो, हे कबूल करतो. त्याच्या कव्हराची एकसंध वळणं छान होती. इथे मधून गेलेली ती चीर डोळ्यांना सारखी दिसते.

पण त्या चिरेचा उपयोगही आहे. जाड्याचं कव्हर काढायचं म्हणजे अख्खी बाजू निघायची, आणि पहिल्यांदा काढताना आता मोडतंय की काय असं वाटायचं. स्लिममध्ये जेवढा भाग हवा तेवढंच अर्धं कव्हर निघतं. आत वेगळी एसएसडी (गेम साठवायची जास्तीची जागा) बसवायची सोय दोघांतही आहे. मी स्लिममध्ये १ टीबीची टाकली. कव्हर, एक झाकण, एक स्क्रू, दहा मिनिटांचं काम. एसएसडी चौथ्या पिढीची, एनव्हीएमई प्रकारची हवी आणि तिच्यावर हीट सिंक हवाच.

आतल्या जागेत फरक आहे आणि तो कामाचा आहे. जाड्यात ८२५ जीबी, त्यातली सुमारे ६६७ हाताला लागते. माझ्या स्लिममध्ये १ टीबी, हाताला साडेआठशेच्या जरा खाली. मोठे गेम शंभर जीबीच्या आसपास असतात हे धरलं, तर एक-दोन गेम जास्त. घरात ज्याला हवं तेव्हा पुन्हा डाउनलोड करता येतं त्याला हे किरकोळ वाटेल. समुद्रावर एकदा काढून टाकलेला गेम सहा महिने परत येत नाही. (दुकानात घेताना खोक्यावर लिहिलेला जागेचा आकडा स्वतः वाचा. कंपन्या मॉडेलच्या आत बारीकसारीक बदल करत असतात. स्लिमचा मॉडेल नंबर सीएफआय-२००० च्या मालिकेतला असतो. पहिल्या जाड्याचा १००० चा. दुकानदार काय म्हणतो ते ऐकायचं नाही, नंबर वाचायचा.)

खेळताना फरक काय? काहीच नाही. तोच प्रोसेसर, तोच ग्राफिक्स, तीच १६ जीबी मेमरी. भाच्याने विचारलं होतं, "मामा, तुझ्यावर गेम लवकर लोड होतो का रे?" आम्ही दोन्ही मशीन शेजारी लावून एकाच वेळी तोच गेम चालू केला. चार वेळा. एकदा हा आधी, एकदा तो आधी, आणि तेही निमिषाच्या फरकाने. स्लिम म्हणजे वेगवान, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. प्लगला मीटर लावूनही बघितलं. जड गेम चालू असताना दोन्ही २०० वॉटच्या आसपास ओढतात, स्लिमचा आकडा किंचित खाली राहतो. तेवढ्याने वीजबिलात काही दिसणार नाही.

आवाजाचंही तसंच. जहाजावर तो मोजायचा प्रश्न नाही, कारण तिथे इंजिनाची घरघर चोवीस तास हाडांत असते. रत्नागिरीत रात्री सगळे झोपल्यावर ऐकला. पंखा दोघांचाही शांत आहे. डिस्क घातल्यावर गेम कॉपी होत असताना ड्राइव्हचा घूं असा आवाज येतो, तो दोघांत येतो. गेम एकदा आत गेला की थांबतो.

मशीनच्या पुढची दोन पोर्टं (केबल जोडायची तोंडं) बदललीत. जाड्यावर एक जुनं रुंद यूएसबी आणि एक टाइप-सी होतं, आता दोन्ही टाइप-सी. मागची दोन रुंद तशीच आहेत. म्हणजे रुंद पिनेच्या केबलीने कंट्रोलर चार्ज करणाऱ्याला मशीनच्या मागे हात घालावा लागतो. मी दोन मीटरची टाइप-सी टू टाइप-सी केबल घेतली, प्रश्न मिटला. विजेची केबल तीच, आठच्या आकड्यासारख्या दोन भोकांची, जी कुठेही मिळते. इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण जहाजावरची मुलं हमखास विचारतात. जहाजाची केबिनमधली वीज २२० व्होल्ट पण ६० हर्ट्झची, घरची ५० ची. पीएस ५ च्या मागे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं आहे, तेव्हा काळजी नाही. केबल दोन पिनेची आहे, अर्थिंग लागत नाही. फक्त रेस्ट मोड बंद ठेवा. जनरेटर बदलताना किंवा ब्लॅकआउट टेस्टच्या वेळी वीज अचानक जाते, आणि मशीन अर्धवट झोपेत असताना ती गेलेली बरी नाही. आमच्या कोकणात पावसाळ्यात लाईट जाते-येते तिथेही हाच सल्ला देईन, शिवाय इन्व्हर्टर किंवा यूपीएस.

आता पायांकडे येतो, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथे आहे. पीएस ५ चं अंग बाकदार आहे, आडवा ठेवला तर टेबलावर नीट टेकत नाही. जाड्याबरोबर खोक्यातच एक गोल स्टँड यायचा. आडवा ठेवा नाहीतर उभा, तोच स्टँड दोन्हीकडे लागायचा, आणि वजनदार, घट्ट. स्लिमच्या खोक्यात काय येतं? पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे. आडवा ठेवायचा असेल तर ते कडेला अडकवायचे. उभा ठेवायचा असेल तर स्टँड वेगळा विकत घ्यायचा. अमेरिकेत त्याची किंमत २९.९९ डॉलर ठेवली. पन्नास हजारांच्या वरच्या वस्तूबरोबर जो स्टँड आधी मिळत होता तो काढून घेणं मला अजिबात पटलेलं नाही.

ते प्लॅस्टिकचे तुकडे घरातल्या टीव्ही युनिटवर आपलं काम करतात. जहाजावर नाही. हिंदी महासागरात जुलैमध्ये, पावसाळी वाऱ्यात, जहाज रिकामं असलं की रोलिंग होतं, म्हणजे ते दोन्ही बाजूंना डुलतं. मेसमध्ये टेबलावरचं कापड ओलं करून ठेवतात, म्हणजे ताटं सरकत नाहीत. प्लेस्टेशनखाली ओलं कापड घालता येत नाही. पहिल्या रात्री मी तो नुसता त्या पायांवर ठेवला आणि तासाभराने बघतो तर टेबलाच्या कडेपासून चार बोटांवर आला होता. पाय गुळगुळीत, टेबल गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून रबरी गॅस्केट शीटचा टाकाऊ तुकडा घेतला, ३ मिलिमीटर जाडीचा, मशीनच्या मापाचा कापला, आणि वर वेल्क्रोच्या दोन पट्ट्या टेबलाला बांधल्या. हवा जाण्याच्या फटी झाकणार नाहीत अशा. त्यानंतर २० अंशांचं रोलिंग झालं तरी हलला नाही. घरीसुद्धा लहान मुलं असतील, किंवा टेबलाला धक्का लागत असेल, तर खाली रबराची पातळ चटई घाला. उभा मी कधीच ठेवत नाही. या मशीनमध्ये प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्या मधे उष्णता वाहून न्यायला द्रवधातू आहे, पेस्ट नाही. रोज कंपनं खाणाऱ्या जागी ते मशीन आडवंच असावं, असं माझं विजेच्या माणसाचं मत आहे.

आता डिस्क ड्राइव्ह. स्लिममधला खरा बदल हाच आहे आणि विकत घेणाऱ्याने सगळ्यात जास्त विचार याचा करावा. जाड्यात एकतर ड्राइव्ह होता, नाहीतर नव्हता; डिजिटल घेतला तर जन्मभर डिजिटल. स्लिममध्ये ड्राइव्ह सुटा होतो. डिजिटल घेऊन नंतर ड्राइव्ह जोडता येतो. कव्हर काढायचं, ड्राइव्ह दाबून बसवायचा, कव्हर लावायचं. पण एक अट आहे, आणि ती खोक्यावर छापलेली आहे: पहिल्यांदा ड्राइव्ह आणि मशीनची जोडी जुळवायला इंटरनेट लागतं. डिस्कवाला स्लिम, ज्यात ड्राइव्ह आधीच बसवलेला असतो, त्यालाही पहिल्या सेटअपला हे लागतं. एकदा जुळलं की पुन्हा नेट लागत नाही.

हे वाक्य लोक वाचत नाहीत. माझ्या पहिल्याच स्लिमवाल्या कॉन्ट्रॅक्टला दुसऱ्या एका ऑफिसरने सिंगापूरला जॉइन होताना सुटा ड्राइव्ह विकत घेतला, घाईत बॅगेत टाकला, आणि जहाज सुटल्यावर केबिनमध्ये आपल्या डिजिटल स्लिमला जोडला. त्याच्याकडे पाच डिस्क होत्या. पडद्यावर जोडणी करा असा निरोप आला आणि तिथेच अडलं. जहाजाच्या नेटवरून गेमिंग मशीनला वाट नव्हती, फक्त फोनला होती. तो रोज संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये येऊन त्या पाच डिस्क माझ्या मशीनवर खेळायचा. पोर्ट हेडलंडला किनाऱ्यावर जायला मिळालं तेव्हा तो प्लेस्टेशन पाठपिशवीत घालून घेऊन गेला, वायफाय असलेल्या जागी एक टीव्ही मिळवला, जोडी जुळवली आणि परत आला. सगळं मिळून अडीच आठवडे. म्हणून सांगतो, जहाजावर जाणारे असाल, हॉस्टेलला जाणारे असाल, किंवा गावी रेंज नसलेल्या घरी नेणार असाल, तर आधी घरी सगळं जुळवा, अपडेट करा, एक डिस्क घालून चालवून बघा, मगच बॅग भरा.

डिजिटल की डिस्क? मी घेतला तेव्हा डिस्कवाल्याची छापील किंमत ५४,९९० आणि डिजिटलची ४४,९९० होती. १०,००० चा फरक. नवा मोठा गेम आपल्याकडे तेव्हा ४,९९९ ला यायचा. डिस्क घेतलीत तर खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राला देता येते, जुनी निम्म्या किमतीत घेता येते. तीन-चार गेममध्ये १०,००० वसूल होतात. जहाजावर तर आम्ही सहा जणांनी मिळून डिस्क आणल्या होत्या आणि त्या फिरत राहिल्या. डिजिटलवर घेतलेला गेम तुमच्या खात्याशी बांधलेला राहतो. तो नेटशिवाय चालावा म्हणून सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू आहे ना, हे निघण्याआधी तपासावं लागतं. भारतात राहणाऱ्या, हिशोबाने खर्च करणाऱ्या घराने डिस्कवालाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. अपवाद फक्त त्याचा, ज्याच्या घरी फायबरचं नेट आहे आणि जो सेलमध्येच गेम घेतो.

डिस्क आहे म्हणजे नेट नको, असंही समजू नका. २०२२ चा कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ डिस्कवर आला, पण डिस्कवर होते जेमतेम सत्तरेक एमबी. बाकी सगळं डाउनलोड. ग्रॅन टुरिस्मो ७ चा बहुतेक भाग नेटशिवाय उघडतच नाही. मार्च २०२२ मध्ये त्याचे सर्व्हर दिवसभराहून जास्त बंद पडले तेव्हा ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते त्यांनाही खेळता आलं नव्हतं. गाड्यांची मला फार आवड, पण जहाजावर तो गेम मी नेत नाही. घरी आल्यावर भाच्याबरोबर खेळतो.

किंमतीबद्दल एक सल मनात आहे. सोनी हे सडपातळ करण्याचं काम पहिल्या प्लेस्टेशनपासून करत आली आहे. २००० साली पीएस वन आला, २००४ ला पीएस २ स्लिम, २००९ ला पीएस ३ स्लिम, २०१६ ला पीएस ४ स्लिम. प्रत्येक वेळी बारीक करताना काहीतरी कापलं. पीएस २ स्लिममध्ये हार्ड डिस्कची जागा गेली, पीएस ३ स्लिममध्ये लिनक्स (संगणकाची प्रणाली) चालवायची सोय गेली, पीएस ४ स्लिममधून ऑप्टिकल ऑडिओचं पोर्ट गेलं. पण त्या बदल्यात पुष्कळदा किंमत उतरायची. पीएस ३ स्लिम आला तेव्हा अमेरिकेत ३९९ चं मशीन २९९ डॉलरवर आलं होतं. थांबलेल्या माणसाला त्याच्या थांबण्याचं फळ मिळायचं. पीएस ५ च्या बाबतीत ते झालं नाही. भारतात पहिला डिस्कवाला ४९,९९० ला आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला, आणि स्लिम त्याच ५४,९९० ला आला. अमेरिकेत तर डिजिटलची किंमत ३९९ वरून ४४९ डॉलर झाली. तीन वर्षांनी, आकार कमी करून, स्टँड काढून, तीच किंमत. ज्या मध्यमवर्गीय मुलाने "स्लिम आला की स्वस्त होईल, तेव्हा घेऊ" म्हणून तीन वर्षं कळ काढली, त्याच्यासाठी मला वाईट वाटतं. दिवाळीच्या आसपास सवलती येतात. घाई नसेल तर तेव्हाच घ्या.

कोणी म्हणेल, मग प्रो, म्हणजे जास्त ताकदीचा पीएस ५, का नको? नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस ५ प्रो बाहेर आला तेव्हा तो भारतात आलाच नाही. त्यातल्या नव्या वायफायला लागणारी ६ गिगाहर्ट्झची लहर आपल्याकडे तेव्हा खुली नव्हती. शिवाय त्यात डिस्क ड्राइव्ह येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. माझ्या कामाचा तो नाही. परदेशातून कुठलंही मशीन आणताना वॉरंटीचा विचार करा. गेम जगातले कुठलेही चालतात, पण बिघाड झाला तर ते मशीन जिथे घेतलं तिथेच न्यावं लागतं. माझ्या ओळखीच्या दोघांनी दुबईहून थोडे पैसे वाचवून आणले आणि आता पंखा वाजायला लागल्यावर कुठे जायचं ते कळत नाही. मी दुबई, सिंगापूर दोन्ही बघतो आणि तरी घरचं बिल घेतो.

मेहुण्यांनी, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, गेल्या गणपतीत विचारलं, "भावजी, हा जाडा देऊन टाकून पोराला स्लिम घेऊ का?" मी नको म्हणालो. त्यांचं मशीन (म्हणजे माझंच जुनं) नीट चालतं, टीव्हीखाली जागा आहे, ते कुठे हलत नाही. जाडा विकून स्लिम घ्यायचा तर वरून निदान वीस-पंचवीस हजार घालावे लागतील आणि पडद्यावर तेच चित्र दिसेल. त्या पैशात एक एसएसडी आणि तीन-चार डिस्क घ्या म्हटलं. त्यांनी एसएसडी घेतली, मी बसवून दिली. ज्याच्याकडे पीएस ५ अजून नाहीच, त्याने मात्र आता दुकानात नवा जाडा शोधत बसू नये. स्लिमच घ्यावा, डिस्कवाला. आणि ज्याला मशीन घेऊन फिरावं लागतं, म्हणजे जहाजावरची माणसं, बदलीच्या नोकरीतली, हॉस्टेलमधली पोरं, त्यांनी घरात जाडा चालू असला तरी याचा विचार करावा. मी केला आणि मला एका पैशाचाही पस्तावा नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जॉइनिंग आहे. काल रात्री ड्राइव्हची जोडणी तपासली, सगळे गेम नेट बंद करून एकेकदा उघडून बघितले, गॅस्केटचा तुकडा गुंडाळून बॅगेच्या तळाला घातला. बायकोने काट्यावर बॅग लटकवली: ६ किलो ८००. मी आत आंबापोळीचं अजून एक पाकीट बसतं का बघत होतो, तेवढ्यात भाचा आला आणि क्रिकेटची डिस्क माझ्या हातात देऊन म्हणाला, "मामा, ही ने, पण परत आण."